दुसरं पत्र

पहिलं पत्र मीच लिहिलं होतं.
अक्षर माझं चांगलं, म्हणून पंचांनी कागद माझ्याकडे सरकवला
आणि मी पेनात शाई भरली, समास सोडला,
‘मंडळीच्या शिस्तीप्रमाणे’ इथून सुरुवात केली.
सुगीच्या सणाच्या लिलावातले अकरा हजार चारशे,
तीन कोंबड्यांचे, ज्वारीच्या पोत्याचे, आणि त्या भोपळ्याचे
जो डॉक्टरीणबाईंनी हौसेनं बाराशेला घेतला होता,
ते बन्यामीन पाटोळेनं घरी खर्चले.
विचारलं तेव्हा खोटं बोलला नाही.
एवढंच त्याच्या बाजूचं.

सहा महिने प्रभुभोजन बंद. ठराव सातवा.
नावावर लाल शाईची रेघ.

चुकलं नव्हतं. आजही म्हणतो, त्यात चुकलं नव्हतं.
जखम धुतल्याशिवाय बांधत नाहीत.
मिशन दवाखान्यात पस्तीस वर्षं ड्रेसर होतो,
हे मला कुणी शिकवू नये.

पण धुऊन झाल्यावर बांधायची असते.

तो यायचा, दर रविवारी,
शेवटच्या बाकावर, दाराशी, चपलांच्या वासात.
गाणी म्हणायचा. खालच्या पट्टीतला आवाज,
बाकीच्यांच्या आवाजांना टेकू देणारा.
आणि भाकर मोडायची वेळ झाली की उठून
बाहेर लिंबाखाली उभा राहायचा
पाठ देवळाकडे करून,
दुसऱ्याच्या घरी पंगत चालू असताना उभं राहावं तसा.

लिंबोळ्या पडल्या, झाडून नेल्या.
पुन्हा सुगीचा सण आला, पुन्हा भोपळा आला,
यंदा चारशेला गेला.

मग कुणाच्या तरी बाप्तिस्म्याची तारीख हवी होती
म्हणून जुनी वही काढली, आणि ती रेघ दिसली.
बोटांवर मोजलं. चौदा महिने.
सहा आम्ही दिले होते.
वरचे आठ कुणी दिले?
पाळकांनी नाही, पंचांनी नाही, तसा ठराव नाही.
आम्ही नुसते गप्प बसलो होतो
आणि गप्प बसण्याचं इतिवृत्त कुणी लिहीत नाही.

संध्याकाळी मोंढ्यामागं त्याच्या घरी गेलो.
रिबकानं दार अर्धंच उघडलं.
तो ओट्यावर मोसंबी निवडत होता, डागाळलेली वेगळी.
“बन्या, मुदत संपून आठ महिने झाले,” मी म्हणालो,
“कामून नाही विचारलंस?”
“मला वाटलं, तुम्ही सांगाल.”

रिबकानं चहाची बशी ठेवली,
ठेवायला हवी त्यापेक्षा जरा जोरात.
“धड जेवत नाय ह्यो,” ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.
‘माझं चुकलं’ असं म्हणायचं होतं मला.
तोंडातून निघालं, “रविवारी थैली तू फिरव.”

त्यानं हातातलं मोसंबं
बराच वेळ कुठल्याच ढिगात टाकलं नाही.

रविवारी तो उठला, पण बाहेर गेला नाही.
पुढं आला, ओंजळ केली, पाळकांनी तुकडा दिला.
मागं कुणीतरी खोकलं. बाकी काही झालं नाही.
आकाश वगैरे उघडलं नाही जालन्यात.
मग निळी थैली घेऊन तो रांगेरांगेतून फिरला,
दोन्ही हातांनी धरून, तोंड माझ्याकडे मोकळं ठेवून.

आता हे लिहून ठेवतो, कारण ह्याचा ठराव होणार नाही:
उपासनेनंतर पैसे मी मोजले,
आणि पुन्हा मोजले.
तो पेले धूत होता. नळ बंद केला त्यानं.
“मोजा सर,” म्हणाला, “तिसऱ्यांदाही मोजा. माझं काही नाही.”
त्यात टोमणा नव्हता, हेच सोसवेना.

हिशेब बरोबर होता. पहिल्यांदाच बरोबर होता.

कुलूप लावून निघालो.
पेटीची किल्ली सेवेकऱ्याकडे ठेवायची रीत आहे.
ती माझ्या खिशात वाजत राहिली
फाटकापर्यंत, पिठाच्या गिरणीपर्यंत,
रेल्वेच्या फाटकापर्यंत. ते बंद होतं.
मालगाडी जायला फार वेळ लावते ह्या गावात.
शेवटचा डबा यायच्या आत
मी मागे वळलो होतो.